खाली गेलेली गाडी

उरणच्या रस्त्याला माझं मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. स्कूल कसलं, एक गाळा, एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि दारात एक म्हातारा ट्रक. या ट्रकवर मी अर्ध्या तालुक्याला गिअर टाकायला शिकवलं आणि त्यातल्या अर्ध्यांनी रस्त्यात भेटल्यावर ओळख दाखवायचं सोडलं. त्याचं मला काही वाटत नाही. कुंदनचं मात्र वाटतं, म्हणून त्याच्याविषयी सांगतो.

कुंदन इथलाच, खाडीकाठच्या गावातला आगरी. बापाची मिठागरं गेली, त्या जागेवर आता द्रोणागिरीची गोदामं उभी आहेत, आणि त्यातल्याच एका गोदामात हा फोर्कलिफ्ट चालवायचा. उंच, सावळा आणि स्वभावाने इतका मऊ की गाडीच्या दारालासुद्धा लागेल म्हणून ते हळू लावायचा. हॉर्न वाजवायला लाजायचा. मी ओरडायचो, "अरे, तुझ्या आत्याच्या घरी आला नाहीस, हॉर्न दाब." तो हसायचा आणि तरीही दाबायचा नाही. पण कान मात्र तयार होता. इंजिनाचा आवाज जरा बदलला की मान तिरकी करायचा. अशा माणसाला मी मनापासून शिकवतो. बाकीच्यांना नुसतं लायसन्सपुरतं शिकवतो, खोटं कशाला बोलू.

गोदामाचा ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने आपली माणसं आणली आणि कुंदन घरी बसला. हेवी लायसन्स हातात होतंच. बायको निशिगंधा म्हणाली, घरात बसून माझं डोकं खाऊ नकोस. आई सखूबाई म्हणाली, गावात सगळ्यांच्या घरी गाड्या झाल्या, आपल्या घरात निदान गाडी चालवणारा तरी होऊ दे. पण ट्रेलरवर जावं की नाही, हे कुंदनचं ठरेना. तो माझ्या टेबलासमोर येऊन बसायचा आणि तक्त्यावरची 'तीव्र उतार'ची खूण बघत राहायचा. जन्म सपाटीवर गेलेला. उतार त्याला फक्त उड्डाणपुलाचा माहीत.

"सर, घाट जमंल ना मना?" तो विचारायचा.

"घाट जमतो रे. मालक जमला पाहिजे."

दोन ठिकाणी त्याचं बोलणं चाललं होतं. एक शिवराम. माझा जुना स्नेही, तोंडाचा अत्यंत फाटका. त्याचे ट्रेलर गंजके, यार्डात चिखल, आणि काम फक्त न्हावा शेवा बंदर ते द्रोणागिरी, म्हणजे सगळं सपाटीचं. नव्या माणसाला तो आधी कित्येक महिने डाव्या बाजूला बसवतो, स्टेअरिंगला हात लावू देत नाही. दुसरे रावसाहेब. त्यांचं यार्ड सिमेंटचं, थंड पाण्याचं मशीन, ड्रायव्हरांना नावाचे टी-शर्ट. माणूस बोलायला मधाळ. कुंदनच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, ड्रायव्हर म्हणजे माझा धाकटा भाऊ, शनिवारी ये आणि नवी गाडी घेऊन जा. शिवरामने याच्या खांद्यावर हात टाकला नव्हता. त्याने याला टायर उचलायला लावला होता.

मी कुंदनला माझी नेहमीची रीत सांगितली. मालक पारखायचा तर त्याच्या गाड्या बघू नकोस. त्याचा सगळ्यात जुना ड्रायव्हर शोध आणि त्याच्याबरोबर चहा पी. बाकी काही विचारू नकोस, आपोआप कळतं.

कुंदन रावसाहेबांच्या यार्डात गेला आणि संध्याकाळच्या आत परत आला.

"सर, जुना ड्रायव्हर कोनीच नाय तिकरं. समदे नवे हायत."

"एकही नाही?"

"सिताराम मिस्त्री हाय एक जुना. त्याच्यासंगं चा पिलो. मी इचारलं, मना घेतान ती जागा आधी कोनाची होती. तो बोलला, मारोतीची होती. गाडी खाली गेली, तवापासनं मारोती न्हाई."

मला ते वाक्य आवडलं नाही. इथे एक सांगायला हवं. बंदरावर अर्धी भाषा हिंदी, त्यामुळे इथे 'खाली' म्हणजे रिकामी. डबा, म्हणजे कंटेनर, उतरवला की गाडी खाली झाली. मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्याकडे खाली म्हणजे खाली, वर नाही ते. इतकी वर्षं इथे काढूनही हा शब्द कानावर आला की माझा पाय आधी ब्रेककडे जातो.

"खाली गेली म्हणजे कुठं गेली?" मी विचारलं.

कुंदन हसला. "सर, तुमी पन. खाली म्हंजे रिकामी. खाली गारी नेली का भत्ता नाय मिलत. मारोतीची शेठशी वाजली असंल, गेला सोरून. रोज कोन ना कोन जातो."

तेही खरंच होतं. रिकाम्या फेरीवरून भांडून ड्रायव्हर रोज सोडून जातात. मिस्त्री सिताराम मात्र बीडकडचा, हे मला माहीत होतं आणि तो बंदराची भाषा बोलतो की आपल्या गावची, हे मला माहीत नव्हतं. मी कुंदनला म्हटलं, शिवरामकडे जा. तो म्हणाला, शिवराम मना किती महिने बाजूला बसवील? गावात काय सांगू, ड्रायव्हरच्या शेजारी बसायची नोकरी लागली? मी चिडलो. त्याला म्हणालो, मग जा आणि टी-शर्ट घाल. तो मान खाली घालून गेला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि बायको म्हणाली, सगळ्या जगाला तुम्हीच ब्रेक लावणार आहात का.

शनिवारी सकाळी सखूबाईंचा निरोप आला. गाडीची पूजा आहे, सरांनी यायलाच पाहिजे. राग होता, तरी गेलो. गुरूचा मान मिळत असेल तर राग जरा बाजूला ठेवता येतो.

रावसाहेबांच्या यार्डात गाव लोटलं होतं. निशिगंधाने काठापदराची साडी नेसली होती. गाडी खरोखर देखणी होती. पुढचा घोडा, म्हणजे इंजिन आणि केबिनचा भाग, अगदी कोरा, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मागची ट्रॉली मात्र नवी नव्हती. नुसती रंगवलेली होती. रंगाच्या खाली लोखंडाला जागोजागी जोड दिलेले हाताला लागत होते आणि एका बाजूचा गर्डर जरा वाकून पुन्हा सरळ केलेला दिसत होता. ट्रॉलीवर भरलेला डबा चढवून ठेवला होता. चाकणला पोचवायचा होता. म्हणजे पहिल्याच दिवशी घाट.

सखूबाई हळदीकुंकू घेऊन पुढून मागे फिरल्या आणि माझ्याजवळ येऊन थांबल्या.

"सर, पुरच्या नव्या चाकांना लिंबू नाय ठेवलान. मागच्यांनाच का?"

मी वाकून बघितलं. ट्रॉलीच्या प्रत्येक चाकाखाली लिंबू होतं. पुढे एकही नव्हतं. लिंबं ठेवणारा सिताराम मिस्त्री एका कडेला उभा राहून हात पुसत होता. मालकाने सांगितलेली पूजा वेगळी आणि या माणसाने ठेवलेली लिंबं वेगळी, हे मला तिथेच कळलं.

मी त्याच्याकडे गेलो. "मिस्त्री, मारोतीची गाडी खाली गेली म्हणालात. खाली म्हणजे?"

त्याने आधी रावसाहेबांकडे पाहिलं. ते पाहुण्यांना पेढे देत होते. मग सितारामने हात पुढे केला, तळवा पालथा धरला आणि तो तिरका करत जमिनीच्या दिशेने नेला. नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"घोडा गेला," तो पुटपुटला. "ट्रॉली तेवढी दरीतून वर काढली."

नारळ फुटला. कुंदन केबिनमध्ये चढला. शेजारी त्याने आईला बसवलं, गेटपर्यंत एक फेरी मारून आणायला. सखूबाई त्या उंच सीटवर पदर सावरून बसल्या होत्या आणि खाली उभ्या असलेल्या बायकांकडे बघत होत्या. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

मी ट्रॉलीच्या मागच्या चाकापाशी जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, "कुंदन, ब्रेक दाब आणि सोड."

हे मी त्याला स्कूलमध्ये शिकवलेलं. गाडी हलवायच्या आधी एकाने मागे उभं राहायचं. पायडल सोडलं की चाकापाशी हवेचा फुस्स आवाज आला पाहिजे. नसेल तर मागचे ब्रेक मेलेले. त्याने दाबलं, सोडलं. पुढून आवाज आला. मागून काहीच नाही. लोक माझ्याकडे बघू लागले.

"परत."

त्याने परत केलं. आता त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून मान तिरकी केली होती. ते कान मी ओळखतो. त्याला ऐकू आलं. म्हणजे आलं नाही, ते त्याला कळलं. मागच्या ब्रेकची हवेची नळी जोडलेली होती, पण नुसती दाखवायला.

रावसाहेब हसत पुढे आले. "सर, तुमचं स्कूल सकाळी उघडत नाही का? एवढी ट्रीप मारून येऊ दे. पार्टी खोळंबलीय. सोमवारी सिताराम बघून घेईल." मग आवाज जरा उतरवून कुंदनला म्हणाले, "भाऊ, एवढी माणसं जमलीयत. जमत नसेल तर सांग, दुसरा ड्रायव्हर तयार आहे."

मी खिडकीखाली गेलो. "कुंदन, उतर. शिवरामकडे मी स्वतः येतो तुझ्याबरोबर. उतर."

त्याचे हात स्टेअरिंगवर होते. त्याने गर्दीकडे पाहिलं. गावचे लोक, पेढ्याचा बॉक्स, निशिगंधाची साडी, सगळं त्याने एकदा पाहिलं.

"सर, जाताना चढ हाय," तो हळू म्हणाला. "चढाला मागचा ब्रेक लागत नाय. आन् येताना गारी खालीच हाय."

"खाली म्हणजे काय, विचारलंस का?"

तो आईकडे वळला.

"आये, तू उतर."

"अरे, गेटपरत नेनार होतास ना मना?"

"उतर तू. ऊन हाय."

तो स्वतः उतरून पलीकडच्या दाराशी गेला, म्हातारीला दोन्ही हातांनी धरून अलगद जमिनीवर ठेवलं आणि पदरावर सांडलेलं कुंकू झटकलं. मला वाटलं, आता हा परत चढणार नाही. देवाशपथ मला तसं वाटलं. तो चढला. दार नेहमीसारखं हळू लावलं. टायरखाली लिंबं फुटली आणि गाडी गेटातून वळली. त्या दिवशी त्याने हॉर्न वाजवला, लांब, गावाला ऐकू जाईल असा.

बायका पांगल्या. सखूबाई नारळाची अर्धी वाटी हातात घेऊन तिथेच उभ्या होत्या आणि रिकाम्या गेटकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"सर, गेट तर हे हितंच होता. मना का उतरवला त्यानी?"