मागे उभे राहावे

बुधवार पेठेतल्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला. मग मुलाला आयटीत नोकरी लागली आणि त्याने मला येरवड्याच्या पुढे, जिथे कालपरवापर्यंत ज्वारी उभी होती तिथल्या सोसायटीत आणून ठेवलं. चुका काढायला काही उरलं नाही, म्हणून मी म्हाताऱ्यांच्या व्यायामवर्गाचा चिटणीस झालो. रोज सकाळी साडेसहाला पार्किंगशेजारी हात वर, हात खाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी एक सिस्टरबाई येऊन सगळ्यांचं बीपी मोजायच्या. त्या आकडा सांगणार, मी वहीत लिहिणार.

एकदा त्या म्हणाल्या, "ज्यांचं बीपी जास्त आहे, त्यांना मागे राहून हळूहळू करू द्या." झालं! पेठेतला माणूस मी. पाटी लिहायला निमित्तच मिळालं. 'बीपी वर असणाऱ्यांनी मागे उभे राहावे. पडणे अपरिहार्य असल्यास दुसऱ्याच्या अंगावर पडू नये.' लोक खो खो हसले. मी दोन दिवस हवेत.

हसले नाहीत ते फक्त पुढच्या रांगेतले एक गृहस्थ. अमरावतीकडचे, मुलापाठोपाठ पुण्यात आलेले. त्यांच्या बायकोला गुडघ्यांमुळे खाली उतरणं जमत नसे. त्या चौथ्या मजल्यावर बाल्कनीत खुर्ची टाकून बसायच्या. तिथून मागची रांग पत्र्याच्या शेडखाली झाकली जायची, दिसायची ती पुढचीच. गृहस्थ हात जरा जास्तच वर करायचे. कुणासाठी, ते सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सिस्टरबाईंकडे न जाता थेट माझ्या टेबलाशी आले.

"लिहा जी, एकशे तीस. घरीच मोजलं."

चेहरा तांबडा झालेला, कपाळावरची शीर उडत होती. उभ्या आयुष्यात मी कुणाचा काना-मात्रा सोडला नाही. हा आकडा सोडला, तसाच वहीत उतरवला. वर मोठ्याने म्हणालो, "अहो, तुमचं बीपी तुमच्यापेक्षा तरुण आहे!" टाळ्या पडल्या. सोमवारी ते पुढे उभे राहिले.

दहा-बारा दिवसांनी आंघोळ करताना ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलातून परत आलेच नाहीत.

वर्ग पुन्हा सुरू झाला. पाटी मी गुपचूप काढली. त्यांच्या जागी कुणी उभं राहीना. बाल्कनीत मात्र त्या येऊन बसायच्या, रोज, साडेसहाला, त्या मोकळ्या फरशीकडे बघत. महिनाभर ते सोसलं आणि एक दिवस जिना चढून गेलो.

"वहिनी, माझ्या पाटीमुळे त्यांनी बीपी लपवलं."

"मले ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं त्यायले, मांगं नका जाऊ, मले दिसत नाही."

मला जरा सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण भाऊ, आमच्या घरी मशीनच नाही. त्यायचं तोंड पाहून तुमाले त लिहितानाच समजलं असन. मंग लिवलं कायले?"

खरं उत्तर एकच आहे: विनोद सुचला होता म्हणून. ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. आता त्या जागेवर मीच उभा राहतो. मान वर करायचा व्यायाम आला की डोळे मिटून घेतो.