दातानं मोजलेलं सोयाबीन

आसेगावात आमच्या बचत गटाचं सोयाबीन खरेदी केंद्र आहे. तिथली नोंद मी ठेवते. पोतं कोणाच्या शेतातलं, वाण कोणतं, वजन किती, ओलावा किती, हे सगळं मोबाइलमध्ये भरायचं. शहरातली तेल कंपनी त्यावरून ठरवते की कोणता माल आधी उचलायचा आणि कोणता गोदामात ठेवायचा. ओला माल गोदामात तापतो, बुरशी धरतो. म्हणून ओलाव्याचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मी काम हाती घेतलं तेव्हा सगळ्यात खोटा रकानाही तोच होता.

कारण आमच्याकडे ओलावा दातानं पाहतात. मापारी मामा पोत्यातले दोन दाणे दाढेखाली धरत. कट्ट वाजलं की म्हणत, "दहा," म्हणजे दहा टक्के ओलावा. ओलावा मोजायचं मशीन डब्यात पडून असे. माझ्याआधी नोंद ठेवणाऱ्या बाईंनी प्रत्येक पोत्यापुढे दहा लिहिलं होतं. इतक्या शेतांतलं सोयाबीन, कोणी आधी कापलेलं, कोणी नंतर, आणि सगळं बरोबर दहा!

मी मशीन बाहेर काढलं. मामांना राग आला.

"माह्या दाताले फसवन असं सोयाबीन अजून पैदा नाई झालं," ते म्हणाले.

"मामा, तुमचे दात खरे असतील. पण दहा आन् बारातला फरक दातं सांगतात का?"

"तुले कायले पायजे येवढा फरक? लग्न जुळवून राह्यली का?"

रांगेतले सगळे हसले. मीही हसले, आणि मशीननं मोजत राहिले.

एका दिवशी मशीनचे सेल संपले. गावात तसले सेल मिळाले नाहीत. त्या दिवशी त्रेचाळीस पोती आली. मामांनी सगळी चावून पाहिली, सगळी दहा ठरवली. मी त्रेचाळीस रकाने रिकामे ठेवले. मोबाइलवर ते लाल दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब आला. पोरगेलाच होता, बोलायला गोड. "ताई, रिकामं ठेवू नका. दहा टाका, नाहीतर सरासरी टाका. लाल राहिलं की कंपनीच्या यादीत केंद्र खाली जातं. खालची केंद्रं पुढच्या हंगामात बंद होणार आहेत."

केंद्र बंद म्हणजे गटातल्या बायांना पुन्हा जीपमध्ये पोती टाकून मंगरूळपीरचा बाजार गाठावा लागणार. हे मला त्याच्याहून जास्त कळत होतं. गटातल्या दोघी माझ्याकडेच बघत होत्या.

"मोजलं नाही ते मी लिहिणार नाही," मी म्हटलं. "रिकामा रकाना निदान खरं सांगतो, की इथं मोजलेलं नाही. दहा लिहिलं तर तुम्हाला ते कळणारच नाही. सेल आणलेत का?"

त्याच्या बॅगेत होते. पोती अजून शेडमध्येच होती. मी एकेक पोतं उसवायला लावलं. वरून, मधून, तळातून दाणे घेतले. साहेब घड्याळ बघत उभा. बहुतेक पोती दहा-अकरावर आली. कंपनीची हद्द बाराची. तीन पोती तेराच्या पुढे गेली. त्यातलं एक आमच्याच घरचं होतं. चौदा.

मामा जवळ सरकले. "आता हे बी लिहतं का वं बाई?"

"लिहून राह्यले."

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, बाजूलाच उभे होते. "घरचा माल वापस करनारी पयलीच बाई पायली मी," ते म्हणाले, आणि पोतं सायकलवर टाकून घेऊन गेले. दोन दिवस ते गच्चीवर पसरलेलं होतं. शेजारणींनी काय विचारायचं ते विचारून घेतलं.

साहेबानं जाताना सांगितलं, मोजायला उशीर झाला ही चूक झाली, माफ करा, असं लिहून द्या, म्हणजे केंद्र वाचेल. मी त्याच्यासमोर कागद घेतला. त्रेचाळीस पोती आली त्या दिवशी मोजली नव्हती. दुसऱ्या दिवशी मोजली. आकडे सोबत जोडले आहेत. तीन पोती परत केली. एवढंच लिहिलं.

"माफीचं राहिलं, ताई."

"ते राहिलं नाही. लिहिलंच नाही."

कागद तसाच गेला. उत्तर आलं नाही. केंद्र या नव्या हंगामातही सुरू आहे, यादीत मात्र अजून खालीच आहे. राहू दे. सेलचा एक जोड आता मी घरून जास्तीचा नेते, आणि मोजायचं राहिलं तर रकाना आजही रिकामाच ठेवते.