उधईनं खाल्लेलं शुभवर्तमान

ज्या कामाचं पुस्तक होत नाही, त्या कामाचे किस्से फार होतात बघा! आलापल्लीच्या बंगल्यात आम्ही सहा वर्षं गोंडी भाषेत येशूचं शुभवर्तमान उतरवत होतो. पुस्तक निघालं नाही. किस्से गोणीभर आहेत, आणि सांगताना अजूनही माझं डोकं फिरतं.

आम्ही चौघं. परदेशी मिशनरी साहेब, चांद्याच्या चर्चचे पाळक, टायपिंगला मी, आणि जैतूबाई. बाई गोंड, लिहितावाचता न येणारी, बाप्तिस्मा न झालेली. पण गोंडी सगळी तिचीच! तिचा पोरगा भांडून माजरीच्या खाणीवर गेला, तो परतलाच नाही. तिथं तो वाचायला शिकला, एवढं तिच्या कानावर आलं होतं. "ते हरवलेल्या पोराची गोष्ट छापून झाली का त्याले धाडजो, बाबू. मी गेली तं तो बोलणार नाई. कागद तं वाचल ना?"

*

त्याच गोष्टीवर तीन दिवस भांडण! शुभवर्तमानातला धाकटा पोरगा बापाकडून हिस्सा घेऊन घर सोडतो, आणि शेवटी बापाकडे परत येतो. "बाप जित्ता असून पोरगा हिस्सा मागते, अन् पंच कुठी गेले?" बाईनं विचारलं.

पाळक म्हणाले, "पंच घालू या. देवाची प्रेरणा अर्थात असते, अक्षरात नव्हे."

साहेब ताडकन उठले. "देवाने पंच लिहिले नाहीत!"

बाई हळूच मला म्हणाली, "पंच नव्हते, म्हनूनच तं पोरगा गेला."

*

आमची रीत अशी : संध्याकाळी बाईला वचन ऐकवायचं. सकाळी तिनं जसंच्या तसं म्हटलं, तर पास. एकदा बाई मध्येच अडली. झालं! साहेब म्हणाले, पवित्र आत्म्याला हा शब्द मान्य नाही. पाळक म्हणाले, आत्मा शब्द मोजत बसत नाही. दोन तास जुंपली. शेवटी बाई बाहेर जाऊन पचकन थुंकली.

"तंबाखू होता ना तोंडात, साहेब!"

*

मजकूर पक्का झाला. साहेबांनी कच्चे कागद सगळे चुलीत घातले. एकाच वचनाचे दोन पाठ राहिले की पुढे वाद होतात म्हणे! मी म्हटलं, "एक कार्बन तरी ठेवू."

"देव आपलं वचन जपतो," साहेब म्हणाले. एकुलती पक्की प्रत पेटीत ठेवून कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि पावसाळाभर सुट्टीवर गेले.

परत येऊन पेटी उघडली, तर आत माती! उधईनं, म्हणजे वाळवीनं, कपटासुद्धा ठेवला नव्हता. देवाबद्दल मी काय बोलू? पण साहेबांचा मला भयंकर राग आला.

*

बाई म्हणाली, "रडता काऊन? बसा, सांगतो." आणि पहिल्या वचनापासून सुरू! कुठं अडखळणं नाही. मी धडाधड टाइप करत होतो. चौथ्या पानावर साहेबांनी माझा हात धरला.

"हे कशाशी ताडून बघायचं? प्रत कुठे आहे? बाप्तिस्मा नसलेल्या बाईची आठवण म्हणजे शास्त्र नव्हे."

मी पाळकांकडे पाहिलं. प्रेरणा अक्षरात नव्हे म्हणणारे पाळक! ते चष्मा पुसत बसले. चारही पानं चुलीत गेली. लाज वाटते सांगायला, मीच टाकली.

*

वर्षभरात साहेब कायमचे मायदेशी निघाले. बल्लारशाला मद्रासच्या गाडीपर्यंत आम्ही पोचवायला गेलो. बाईच्या काखेत बोचकं होतं. गाडी लागली, तसे साहेबांचे डोळे भरले.

"जैतूबाई, एकदा ती हरवलेल्या पोराची गोष्ट म्हणा. तुमच्या तोंडून ऐकून जातो."

बाई म्हणाली, "ते तं उधईनं खाल्लं ना, साहेब!"

गाडी गेली. मी वळून पाहतो, तर बाई तिकिटाच्या खिडकीशी उभी. माजरीचं एक तिकीट मागत होती.