कल्हई गेलेलं फुलपात्र

मारोतराव गेल्याचं कार्ड मला पाथरीला शाळेत मिळालं. मधली सुट्टी होती. कोपरा फाडलेलं कार्ड शिपायानं टेबलावर पालथं ठेवलं आणि तो निघून गेला. मजकूर चार ओळींचा. मारोतराव दुपारी जेवले, ताक प्याले, ताक चांगलं झालंय म्हणाले, भिंतीला टेकून बसले... आणि तसेच गेले. वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, मरणसुद्धा ह्या माणसाला चवीचं मिळालं. माझ्या वडिलांनी चार महिने खाटेवर काढले, मलाही बहुधा तसेच काढावे लागतील. ह्यानं मात्र ताकाला दाद दिली आणि गेला. दुःख झालं ते नंतर, संध्याकाळी घरी आल्यावर. आधी हेवा वाटला. त्या माणसाच्या बाबतीत माझं नेहमी असंच होत आलं.

आमची ओळख गंगाखेडची. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि मारोतराव मोजणी खात्यात साखळी ओढायचे. मोजणीदारसाहेब कागदावर रेघा मारत आणि मारोतराव लोखंडी साखळी घेऊन बांधाबांधानं चालत. शाळेच्या मैदानाची मोजणी निघाली तेव्हा ते आमच्याकडं आले. दुपारी व्हरांड्यातल्या रांजणातलं पाणी प्याले आणि मला म्हणाले, "मास्तर, ह्यात दोन हिरींचं पाणी हाय." आमच्या शिपायानं शपथेवर सांगितलं की पाणी एकाच विहिरीचं. मग संध्याकाळी तोच कबूल झाला. पोहरा तुटला म्हणून शेवटच्या दोन घागरी त्यानं शेजारच्या मळ्यातून आणल्या होत्या. अख्खी शाळा ते पाणी दिवसभर प्यायली होती. मी स्वतः चार तांबे प्यायलो होतो आणि मला काही कळलं नव्हतं.

तेव्हापासून आमचं जमलं. जमलं म्हणजे ते मोजणीवरून परतले की माझ्या घरी येत आणि कुठं काय खाल्लं-प्यालं ते सांगत. मी ऐकत असे, आणि ऐकता ऐकता जळत असे. मोजणीला जातील त्या गावची शिंदी, म्हणजे शिंदीच्या झाडाची ताडी, चाखल्याशिवाय ते येत नसत. पण प्यायलेला माणूस म्हणून त्यांना कुणी कधी पाहिलं नाही. दोन घोट, बास. एकदा म्हणाले, सोनपेठकडची शिंदी लाजाळू आहे, पहिल्या घोटाला बोलतच नाही. पाथरीकडची भांडत येते आणि तिसऱ्या घोटाला निवते. आमच्या गंगेकाठच्या शिंदीला अंगात जोर नाही, पण मनानं साफ. हे सगळं ते विड्याला चुना लावता लावता सहज बोलत. मी मराठीचा मास्तर. वर्गात मुलांना शब्दांची श्रीमंती शिकवायची, आणि चौथी शिकलेल्या ह्या माणसानं असं काही बोलून जायचं की मला रात्रभर ते वाक्य आपलं नसल्याचं वाईट वाटावं. त्यातल्या दोन-तीन उपमा मी निबंधाच्या तासाला स्वतःच्या म्हणून खपवल्या, हेही सांगून टाकतो.

बांगलादेशची लढाई संपली त्या हिवाळ्यात माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ, हैदराबादहून आले. ते तिथल्या एका बड्या क्लबात कोठी सांभाळत. द्राक्षाची वाइन करणारा एक नवा कारखाना तिकडं निघत होता आणि चव घेऊन माल पारखणारा माणूस शोधायचं काम मालकानं मेहुण्यांवर सोपवलं होतं. येताना त्यांनी तीन बाटल्या आणल्या होत्या. एक गोव्याची, एक हैदराबादेतच केलेली आणि एक थेट फ्रान्सची, क्लबात उतरलेल्या कुणा साहेबानं मागं ठेवलेली. खरं सांगायचं तर ते काम मेहुणे मलाच देतील अशी माझी आशा होती. शिकलेला माणूस, घरचा माणूस... गंगाखेडच्या खडूच्या धुळीतून सुटायची ती एकच वाट मला दिसत होती. मारोतरावांना मी त्या संध्याकाळी बोलावलं ते केवळ गंमत म्हणून, आमच्या गावात कसा एक वल्ली आहे ते मेहुण्यांना दाखवायला.

दार लोटून आम्ही तिघे बसलो. मेहुण्यांनी फ्रान्सची आधी मला दिली. तोंडात घेतली तर तुरट, आंबट, जीभ ओढून घेणारी. मी ऐटीत सांगितलं की ही नासलीय. मेहुण्यांनी पेला मारोतरावांकडं सरकवला. मारोतरावांनी घोट तोंडात फिरवला. मग म्हणाले, "हिच्यात म्हातारं लाकूड हाय. धा पावसाळे खाल्लेल्या गाडीचं. ही नासली न्हाई साहेब, कुणाची तरी वाट बघत बसलीय." मेहुणे पाट सोडून उठलेच. लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात ती, त्यांनी मला ऐकवलं, जसं काही पिंप मीच लपवून ठेवलं होतं. हैदराबादच्या वाइनला मारोतरावांनी एका घोटात निकालात काढलं. घाईत केली, द्राक्षं कच्ची तोडली, आंबलं पण पिकलं नाही. आणि गोव्याची प्याल्यावर ते हसले. गोड आहे, पण खाऱ्या विहिरीशेजारच्या बोरीला येतात तशा बोरांची गोडी आहे, म्हणाले. ह्या माणसानं समुद्र कधी पाहिला नव्हता. मेहुण्यांनी मग माझ्याकडं पाहिलंच नाही. दोघेच बोलत राहिले, आणि माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर, मी पाहुण्यासारखा बसून होतो.

ठरलं असं की दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मेहुण्यांनी परीक्षा घ्यायची. तिन्ही वाइन बिननावानं समोर ठेवायच्या आणि मारोतरावांनी कोणती कुठली ते सांगायचं. बरोबर सांगितलं तर आठवड्याच्या आत हैदराबाद. कारखान्याच्या आवारात राहायला खोल्या, मुलांना शहरातली शाळा. मारोतराव त्या वेळी चाळिशीला आले होते. साखळी ओढून ओढून त्यांचे गुडघे गेले होते. पायरी उतरताना भिंतीला हात लावून उतरत. बसल्या जागी करायचं काम त्यांना किती हवं होतं ते मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

ओतायचं काम माझ्याकडं आलं. घरात काचेचे पेले दोनच. तिसरं भांडं शोधायला मी स्वयंपाकघरात गेलो. चुलीमागं फळीवर पितळेचं एक फुलपात्र पालथं होतं. आतली कल्हई उडून पितळेचे पिवळे डाग उघडे पडलेले. बायकोनं ते कल्हईवाला येईल म्हणून बाजूला काढून ठेवलं होतं आणि त्यात आंबट काही घालू नका, कळकतं, पितळ उतरून चव बिघडते, असं घरात दहादा बजावलं होतं. आमच्याकडं हे पोरासोरांनाही कळतं. स्टीलचा पेला शेजारीच होता. तोही मला दिसला... मी फुलपात्र घेतलं. त्यात गोव्याची ओतली आणि परीक्षेला चांगले दोन तास अवकाश होता तरी तेव्हाच ओतून, वर ताटली झाकून ठेवली. चुकून झालं असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. चुकून काही झालं नव्हतं. दोन तास मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसलो होतो आणि आत काय चाललंय ते मला ठाऊक होतं.

मारोतराव धुतलेलं धोतर नेसून आले. पहिला पेला, हैदराबाद. दुसरा, फ्रान्स. चुटकीसरशी. मग फुलपात्र. मेहुण्यांच्या लेखी भांडं ते भांडं, क्लबातल्या काचेपलीकडं त्यांनी कधी काही पारखलं नव्हतं. मारोतरावांनी घोट घेतला, तोंडात धरला. त्यांची नजर फुलपात्राच्या काठावर गेली, मग आत, तळाशी. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. घोट गिळला आणि म्हणाले, "ही मला लागंना साहेब." मेहुण्यांनी परत घ्यायला सांगितलं. त्यांनी परत घेतला आणि परत तेच म्हणाले. खरं तर दोन ओळखल्यावर तिसरीचं नाव सांगायला जीभ लागतच नाही, कोणताही पोरगा सांगेल. पण मेहुणे हिरमुसले होते. त्यांना जीभ हवी होती, हिशेबानं दिलेलं उत्तर नको होतं. काल नशीब जोरावर होतं म्हणायचं, असं म्हणून त्यांनी बाटल्यांना बुचं लावली. काम मलाही मिळालं नाही. ते त्यांनी कुणाला दिलं ते मी कधी विचारलं नाही.

मारोतरावांना पोचवायला मी दारापर्यंत गेलो. पायरीवर भिंतीला हात टेकून ते उतरले, वळले आणि म्हणाले, "मास्तर, त्या भांड्याला कल्हई करून घ्या. लेकरं ताक पितेत त्याच्यात."

त्यानंतर सात वर्षं ते माझ्याकडं येत राहिले. मी पाथरीला बदलून आलो तरी सणासुदीला येत. तो विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही काढला नाही. आणि ह्या सात वर्षांत मला एक दिलासा होता, तोही आज लिहून टाकतो. वाइन भांड्यात कळकलीय हे त्यांना कळलं, पण ती कुठली ते काही त्यांना कळलं नाही. पितळेनं त्यांच्या जिभेला हरवलं. म्हणजे त्या जिभेलाही कुठंतरी शेवट होता. साखळी ओढत उन्हातून जाणारे मारोतराव दिसले की मी नजर दुसरीकडं वळवायचो, आणि त्याच वेळी हा दिलासा जपून ठेवायचो. मत्सर माणसाला इतकं कोतं करतो.

तेरावं झाल्यावर पंधरा दिवसांनी मी गंगाखेडला गेलो. घरी मारोतरावांच्या पत्नी, गयाबाईवहिनी, एकट्याच होत्या. थोरला मुलगा बापाच्याच जागी साखळीवर लागला होता आणि मोजणीला गेला होता. मी कबुली द्यायला गेलो होतो. वाटभर वाक्यं जुळवली होती. पण "त्या फुलपात्राचं..." एवढंच तोंडातून निघालं आणि वहिनींनी मला थांबवलं.

"ठाऊक हाय मला. त्याच दिशी सांगितलं त्यायनं. गोव्याची होती, म्हणले, मास्तरानं पितळंत घातली."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. राहिली एकच म्हणून अंदाज केला असेल, असं मी म्हणून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, अंदाज कसला, पितळंखाली ती खारी बोरं तशीच होती, असं ते म्हणत होते. मग मला ठाऊक नसलेलं सगळं त्या शांतपणे सांगत गेल्या. नाव घेतलं असतं तर मेहुण्यांनी पडताळायला स्वतः घोट घेतला असता, चव अशी का बिघडली ते विचारलं असतं, आणि मग भांड्याची गोष्ट निघाली असती. त्या दिवशी त्या नवऱ्याशी खूप भांडल्या. पोरांच्या शाळेपायी, नवऱ्याच्या गुडघ्यांपायी. दोन दिवस चूल पेटवली नाही. मारोतरावांनी एवढंच उत्तर दिलं होतं, "मेहुण्यापुढं मास्तराची इज्जत गेली असती." आणि त्यानंतर सात वर्षं ह्या बाईनं मला प्रत्येक सणाला आग्रहानं वाढलं होतं. मी मान खाली घातली. मारोतरावांच्या जिभेचा मला हेवा होता, तो मी कसाबसा सोसला होता. आता ह्याचाही हेवा वाटायला लागला, कारण असं गप्प बसणं मला सात जन्मांत जमलं नसतं.

वहिनी उठून आत गेल्या. मला वाटलं आता ह्या बाहेर यायच्या नाहीत, आपण उठावं. पण त्या वाटीत थोडं वरण घेऊन आल्या आणि माझ्यापुढं धरलं.

"जरा चाखून सांगा, मीठ कसं हाय. वीस वरसं त्यायच्या जिभंवर सैपाक केला. आता मला काईच कळंना झालंय."

मी चाखलं. मीठ अजिबात पडलं नव्हतं. छान झालंय, असं म्हणायची मला आयुष्यभराची सवय. ते ओठांवर आलंही होतं. मी म्हणालो, "मीठ घालायचं राहिलंय वहिनी." त्यांनी मान हलवली, वाटी आत नेली आणि पुन्हा घेऊन आल्या. ह्या वेळी बरोबर होतं. मी तसं सांगितलं. तरी त्या वाटी धरून तशाच उभ्या राहिल्या, पुढचं ऐकायला. मारोतरावांनी आणखी काहीतरी सांगितलं असतं. डाळ कुठल्या शेतातली, पाणी कुठल्या विहिरीचं, काहीतरी. मी पुन्हा एक घोट घेतला आणि डोळे मिटून शोधत राहिलो. वहिनी वाट बघत होत्या. मला मिठाशिवाय काहीच लागलं नाही.