सरांनी तपासलेलं शेवटचं पत्रक

चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून सर माझ्या पत्रकातल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "हे तुला माहीत आहे, की तुला वाटतं?"

मी पंचविशीतला, काळाचौकीतल्या आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची लढाई लढणारा. मला सगळंच माहीत होतं. सर रात्रशाळेतून निवृत्त झालेले, तळमजल्यावर एकटे राहणारे. चाळीचं प्रत्येक पत्रक छापण्याआधी त्यांच्या नजरेखालून जायचं, हा रिवाजच होता. 'सर्व रहिवाशांचा ठाम विरोध' असं मी लिहिलं, तर म्हणाले, "सर्व? जिन्याखालच्या आजींना विचारलंस?" नव्हतं विचारलं. पोरं त्यांना चौकशीची खिडकी म्हणायची.

हे खूळ त्यांनी ग्रीकांकडून उचललेलं. अथेन्सच्या बाजारात माणसांना अडवून प्रश्न विचारणाऱ्या सॉक्रेटिसबद्दल ते शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. त्याच्याच गावाने मतं मोजून त्याला विष पाजलं. "तुम्ही मला साधा चहा पाजत नाही," असं वर म्हणायचे. त्या म्हाताऱ्याचा आमच्या चाळीशी काय संबंध, हे मी तोंडावर विचारलं होतं. 

मग ती सभा झाली. बिल्डरचा करारनामा फेटाळा, असं मी माइकवरून गरजलो. हात वर व्हायला लागले, तेवढ्यात सर उठले.

"वाचलाय कुणी?"

कुणीच नव्हता वाचला. मीसुद्धा नाही. एकेक हात खाली आला आणि सभा बारगळली.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं, 'बिल्डरचा माणूस ओळखा.' नाव टाकलं नाही, पण तळमजला टाकला, रात्रशाळा टाकली. सरांना चुकवून थेट छापखान्यात दिलं. छापखानेवाल्याने मात्र नेहमीप्रमाणे प्रूफ त्यांच्याकडेच धाडलं. परत आलं तेव्हा माझी सगळी वाक्यं नीट करून दिलेली होती. समासात पेन्सिलीने फक्त त्यांचा तो नेहमीचा प्रश्न.

मी तो खोडरबराने पुसला आणि पाचशे प्रती काढल्या.

लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनी कधी खुलासा केला नाही. पुढे मी करारनामा वाचला. फेटाळायला कारणं होती, पण आम्ही ओरडत होतो ती नव्हती. तोवर पुनर्विकासासाठी चाळ रिकामी होऊन सर ट्रान्झिट कॅम्पातल्या तात्पुरत्या खोलीत गेले होते.

माफी मागायला मला वर्ष लागलं. तिथे त्यांची खोली ठाऊक नव्हती, म्हणून नळावर भांडी घासणाऱ्या एका बाईंना विचारलं, रात्रशाळेतले सर कुठे राहतात?

"कोण, तो बिल्डरचा माणूस?"

बाई आमच्या चाळीतल्या नव्हत्या. त्यांनी माझं पत्रक पाहिलंही नसेल. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि खोली कळावी म्हणून "हो, तेच" म्हणालो.

"वारला की तो, गणपतीच्या आधीच. खांद्याला चौघं मिळेनात."

पत्रक मी लिहिलं होतं, हे त्या बाईंना मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय.