पूल अरुंद आहे, असं मी सांगितलं

मुलीचा पुण्याहून फोन आला. तिने आठ दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने ठरवलं होतं. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं. बुलढाण्याहून निघून मेळघाटातून चिखलदऱ्यापर्यंत जायचं आणि रस्ता मी आखून द्यायचा. माझी बायको लगेच डब्यांच्या मागे लागली. मी मनातून सुखावलो. सगळी नोकरी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून काढली. कोणत्या घाटातलं कोणतं वळण लांब गाडीला एका दमात घेता येत नाही, हे घरात आजवर मला कुणी विचारलं नव्हतं.

तिने गाडीचं माप कळवलं. लांबी एकवीस फूट, रुंदी साडेसात. मी वहीत उतरवून घेतलं. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वाटेल तिथे गाडी लावून झोपता येत नाही. अंधार पडायच्या आत डोंगर पार करायचा. म्हणजे पहिला मुक्काम सातपुड्याच्या पायथ्याशी हवा, सकाळी वनखात्याच्या नाक्यावर आपली गाडी पहिली. राजूर घाट उतरायचा, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद, मग डोंगर डाव्या हाताला ठेवून संग्रामपूरकडे. नकाशा न बघता सांगता येईल असा रस्ता.

तो मी आखला नाही. खामगाव, शेगाव करत अकोटला जाणारा आखला, आणि पहिला मुक्काम एका लॉजच्या आवारात टाकला. कारण त्या सरळ रस्त्यावर, अगदी डोंगराच्या पायाला लागून, माझ्या मोठ्या बहिणीचं गाव आहे.

मुलीने विचारलंच, आत्याच्या गावावरून का नाही? मी म्हणालो, गावाआधी नाल्यावर पूल आहे, अरुंद आहे, तुझी गाडी जाणार नाही.

तो पूल माझ्या देखरेखीखाली बांधला गेला आहे.

आता लिहायलाच बसलोय तर सगळं लिहितो. अकरा वर्षांपूर्वी वडील गेले. पिंपळगाव राजाच्या शिवारात त्यांचं आठ एकर वावर. मागे आम्ही तिघं: ही बहीण, मी आणि धाकटा भाऊ. तेरवी आटोपल्यावर मी बहिणीला म्हणालो, "बाई, सातबारावर वारसांची नावं चढवाची हायेत, तुही सही लागते." ती आली. तिला वाचता येतं, चांगलं येतं. पण भावाने पुढे केलेला कागद वाचायचा नसतो, असं तिला वाटलं. नोंदणी कचेरीतल्या साहेबांनी मान्य आहे का विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाली. ते हक्कसोडपत्र होतं. बाहेर आल्यावर मी तिला समोरच्या दुकानातून हिरवं पातळ घेऊन दिलं. कागद लिहून देणारा माणूस हसून म्हणाला होता, बहिणीचं काय साहेब, पातळ नेसवलं की झालं.

मला त्याचा संताप येतो, आणि त्याच्याहून जास्त स्वतःचा, कारण मीही हसलो होतो. आमच्याकडे ही रीत आहे म्हणे. कसली रीत? चोरीला सगळ्या गावाने मान डोलावली की तिला रीत म्हणतात का? आणि एवढं करून लग्नाकार्यात लोक मला सांगतात, तुमच्या बहिणीने एक शब्द काढला नाही हो, गुणाची बाई. ती बोलली नाही, हा तिचा गुण. मी फसवलं, याला नावच नाही.

काही महिन्यांनी तिला तलाठ्याकडून कळलं. त्या दिवाळीला मी भाऊबीजेला गेलो नाही. तिनेही बोलावलं नाही. पुढे तसंच पडत गेलं. घरात मी सांगायचो, सुटी मिळत नाही.

मुलगी माझ्यावर गेलेली नाही. पुलाची खात्री करायला तिने सरळ आत्यालाच फोन लावला. दुसऱ्या दिवशी, मी अंगणात वही घेऊन बसलेला, माझा फोन वाजला. बहीण होती, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"काऊन बे, पूल अरुंद हाय म्हून सांगतलं पोरीले?"

मी वही मिटली.

"तूच बांधला ना? मी सकाळी मोजून आली. तू त्या दिवशी पातळ घेऊन देलं होतं ना, हिरवं, त्यानंच मोजला. एक पातळ अन् वर हातभर. दोन गाड्या जातीन बाजूबाजूनं." मग जरा थांबून, "कोरंच होतं. आज घडी मोडली त्याची."

मी काहीतरी म्हणायला गेलो. तिने बोलू दिलं नाही. म्हणाली, यायचं तर ये, गाडी आमच्या अंगणात लाव. "पन तो कागद घेऊन ये. अन् पोरीसमोर मले वाचून दाखव. तवा तू वाचला नाई, मीबी वाचला नाई."

भावाला फोन केला, तर म्हणे, जुनं काऊन उकरून राह्यला, तिची काही तक्रार हाय का? वावर दोघांच्या नावावर, पिकवतो तो. एवढी वर्षं मीही त्याच्यासारखंच बोललो होतो. फोन ठेवून टाकला.

मुलीला निघण्याआधीच सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या गाडीच्या मापाआड लपलात." बायको आत निघून गेली आणि डबे भरू लागली. तिलाही मी तेव्हा वारसनोंदच सांगितली होती.

मी वहीतलं पान फाडलं आणि सरळ रस्ता लिहिला. पहिला मुक्काम, बहिणीचं अंगण.

पुलावर मुलीने गाडी हळू केली, बाजूची मोकळी जागा पाहिली, माझ्याकडे पाहिलं नाही. ऊन उतरायला लागलं होतं. बहिणीने बाज टाकून ठेवली होती. तिचे केस पांढरे झालेत, हे मला माहीत नव्हतं. अंगावर ते हिरवं पातळ. तिने मुलीला जवळ घेतलं, गाडीच्या आत डोकावली, शेगडी पेटवून पाहिली, म्हणाली, झोपायचं मात्र घरात, पाहुण्याले गाडीत झोपवाले आमी काय मेलो का? मग बाजेवर बसली आणि मला म्हणाली, काढ.

मी कागद काढला. आधी गट नंबर, चतुःसीमा, वडिलांचं नाव. तोवर आवाज बरा होता. मग ते वाक्य आलं: मी माझा हक्क स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सोडत आहे.

"थांब," ती म्हणाली. "स्वखुशीनं. हे कोनं सांगतलं लिहायले?"

कागद लिहिणाऱ्याचं नाव माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. मुलगी गाडीच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती.

"मी," म्हणालो.

बहिणीने कागद माझ्या हातून घेतला. मी म्हणालो, बाई, वावर माझ्या एकट्याचं नाही. पण माझं जे निम्मं आहे त्यात तुझं नाव लागेल, तो कागद मी करून देतो. भावाचं मी सांगू शकत नाही.

"त्याचं मी पाहीन," ती म्हणाली.

सकाळी मुलीने विचारलं, नाक्याकडे निघायचं का, उजाडलंय. मी डोंगराकडे हात केला, इतक्या जवळ की झाडं वेगवेगळी दिसत होती. बहीण तोवर पिशवी घेऊन पुढच्या सीटवर चढून बसली होती.

"डोंगर तं मले रोजच दिसते," ती माझ्या मुलीला म्हणाली. "माह्या बापाचं वावर पाहून अकरा वर्षं झाले. आधी तिकडं घे."

मुलीने अंगणातच गाडी वळवली. मी मागच्या पलंगावर बायकोशेजारी बसलो, आणि पूल पुन्हा ओलांडला.