माकड बसवलं तरी

विजयकुमारचा मला राग येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे संतोषनं मनात ठेवून लिहिलं असं नंतर कोणी म्हणायला नको. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या स्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि शेजारीच त्याचं खत-बियाण्यांचं. मोटारशर्यती दाखवणाऱ्या ॲपचे पैसे तो भरायचा, टीव्ही माझा होता आणि अक्कल थावराची. अशी आमची भागीदारी तीन वर्षं चालली.

ग्रां प्रीचा, म्हणजे मोठ्या मोटारशर्यतीचा, आठवडा आला की शुक्रवारी संध्याकाळी माझ्या दुकानात बैठक. सराव बघायचा आणि मग शनिवारी पुढं कोण लागणार, रविवारी टायर कोण कधी बदलणार, यावर कडाकडा भांडायचं. चालकांची नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून गाडीच्या रंगावरून पपईवाला, लालवाला, निळावाला. सेनगावची जीप चालवणारा रामप्रसाद लालवाल्याचा भक्त. लालवाला हरला की सोमवारी त्याच्या जीपमधल्या लोकांची खैर नसायची.

थावरा जवळच्या बंजारा तांड्यावरचा. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं काटक, बोलायला कमी. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, तो विजयकुमारची जोडी हाकायचा. असल्या माणसाला आमच्याकडं धुरकरी म्हणतात. पवन्या आणि मोरा हे दोन्ही बैल गोऱ्हे होते तेव्हापासून थावरानं वाढवलेले, पण मालक विजयकुमार. पटाच्या माइकवर नाव येतं ते गावाचं, मालकाचं आणि बैलांचं. धुरकऱ्याचं नाव कोणी घेत नाही. ही जुनी रीत आहे आणि ती कोणाला खटकतही नाही. थावरालाही खटकत नव्हती, टीव्हीवरच्या शर्यती बघायला लागेपर्यंत.

पहिल्यांदा त्यानं बक्षीस समारंभ पाहिला, तेव्हा विचारलं, "गाडीचा मालक कुठं हाय?" मी म्हणालो, वर उभा आहे तो चालक, मालक खाली गर्दीत असेल कुठंतरी. थावरा म्हणाला, "हे बराबर हाय." तेव्हापासून त्यानं एक शुक्रवार चुकवला नाही.

विजयकुमार आकडे पाठ करून यायचा. थावरा फक्त चालकाचे हात बघायचा. गाडीतल्या कॅमेऱ्यातून हात दिसले की म्हणायचा, "ह्या गड्याचे हात वळणाच्या आधीच आवळून राहिले. उद्या मागं पडतो का न्हाई पहा." दहातले सात अंदाज बरोबर निघायचे. विजयकुमारचे किती निघायचे ते विचारू नका.

गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी मोसमाच्या दोनच शर्यती उरल्या होत्या, आणि त्यातली पहिली ज्या रविवारी, त्याच रविवारी दुपारी आमच्या गावचा पट होता. सोयाबीन निघून रान मोकळं झालं होतं. शुक्रवारच्या बैठकीत थावरा म्हणाला की पपईवाला गाडीमुळं नाही, हातामुळं पुढं आहे. विजयकुमारला हे झोंबलं. तो म्हणाला, "शर्यत गाडी जिंकती. गाडीत दम असला की माकड बसवलं तरी पहिलं येतं."

थावरा शांतपणे म्हणाला, "असं असतं तर त्यांनी माकडंच ठेवली असती, शेठ. केळ्यावर भागलं असतं."

रामप्रसाद मांडीवर थाप मारून हसला. मीही हसलो, जरा जास्तच. विजयकुमारचे कान लाल झाले.

"तुझ्या बापजाद्यांनी बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. तुला गाडीतलं काय कळतं रे थावऱ्या? परवा माझी जोडी मीच हाकतो. कळू दे गावाला, बैल पळतेत का तू पळतो."

"हाका," थावरा म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सगळ्या गावासमोर हा तोंडावर आपटणार, याची मला खात्रीच होती.

शनिवारी सकाळी थावरा दुकानात आला. रात्रभर झोपला नव्हता, हे बघताच कळत होतं.

"संतोषभाऊ, तकलीफ झाली हो. शेवटच्या रेघेपल्याड माणसं दिसली की पवन्या डावीकडं दबतो. त्या वक्ताला कासरा ओढला का मोराचा पाय चाकात गेलाच समजा. कासरा ढिला सोडायचा आन मोराला नावानं हाक द्यायची. मोरा थांबला का पवन्या थांबतो. शेठला हे ठाव न्हाई. नवा माणूस घाबरून ओढतोच."

"मग ओढू द्या की," मी म्हणालो. "कळू द्या त्याला धुरकरी काय असतो ते. तुमी काहून मधी पडता?"

थावरा आला तसा माघारी गेला. खरं सांगतो, मोराचा पाय तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हता. मला फक्त विजयकुमारची फजिती बघायची होती.

रविवारी मी जोड्या सुटतात तिथंच उभा राहिलो. विजयकुमार काळा चष्मा लावून छकडीवर चढला, जसा काही त्यालाच पोल, म्हणजे सगळ्यात पुढची जागा, मिळाली होती. तेवढ्यात गर्दीतून थावरा पुढं आला आणि त्यानं छकडीचा दांडा धरला.

"सर तिकडं. शिकवू नको मला," विजयकुमार ओरडला.

थावरानं दोन-तीनशे माणसांसमोर हात जोडले. "शेठ, परवा बोललो ते माझं चुकलं. पण रेघेपल्याड कासरा ओढू नका. ढिला सोडा आन मोराला हाक द्या. एवढं ऐका. मंग मला काय बी म्हणा."

मला तर तिथंच त्याच्या हातांवर फटका मारावासा वाटला. कोणापुढं जोडतोय हा हात?

जोडी सुटली. धुरळ्यातून रेघेच्या पुढं विजयकुमारचं कोपर वर आलेलं दिसलं, मग खाली गेलं, आणि "हो मोरा" अशी त्याची चिरकी हाक ऐकू आली. जोडी थांबली. दोन्ही बैल चार पायांवर धड उभे होते. संध्याकाळपर्यंत त्यांच्यापेक्षा कमी वेळ कोणाचाच लागला नाही. माइकवाला बेंबीच्या देठापासून ओरडला, "पहिला नंबर, विजयकुमार शेठची जोडी! आन आज हाकणारे बी सोता शेठच!"

आमच्या पटाच्या माइकवर हाकणाऱ्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ह्याचं.

पुढच्या शुक्रवारी शेवटच्या शर्यतीची बैठक होती. विजयकुमार पटातला आपला फेट्यातला छापील फोटो दाखवत बसला. थावराही येऊन कोपऱ्यात बसला होता. टीव्हीवर सराव चालू होता, पण तिकडं कोणाचंच लक्ष नव्हतं.

"पाह्यलं ना? बैल पळतेत. वर कोणी का बसंना," विजयकुमार म्हणाला.

माझा तोल गेला. "व्हय शेठ, माकड बसवलं तरी जिंकतं, हे तुमी करून दाखवलं. थावराभाऊनं सांगितलं नसतं तर आज मोरा तीन पायावर असता."

विजयकुमार उठला. टीव्हीला जोडलेला आपला मोबाइल त्यानं वायरीतून काढून खिशात घातला आणि पडदा काळा झाला. माझ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. तो थावराला म्हणाला, "उद्यापासून गोठ्यात पाय ठेवू नको. सेनगावचा गडी आणतो मी."

माझ्या जिभेची किंमत थावरानं मोजली. मी त्याच्या मागं रस्त्यावर धावलो. माफी मागायची होती, पण बाहेर आलं ते भलतंच. "तुमी गप राह्यले असते तर सगळ्या गावानं तुमचं नाव घेतलं असतं!"

तो गर्रकन वळला. त्याला एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"घेतलं असतं. मोराचा पाय मोडल्यावर घेतलं असतं. तसलं नाव काय चाटायचं, संतोषभाऊ? आन तुमाला बोलायला कोणी लावलं होतं? निदान बैल तरी माझ्या हाताखाली होते, आता ते बी गेले."

तो चार पावलं गेला आणि पुन्हा थांबला.

"त्या नव्या गड्याला रेघेचं तेवढं सांगा. शेठ सांगायचे न्हाईत."

एवढं म्हणून तो तांड्याच्या वाटेला लागला, आणि मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.